वडाखाली व्हॅनची वाट बघणाऱ्या पोरांच्या आईबापांना

वाडीतल्या सगळ्या आयांनो, भावांनो, आणि नातवंडांची फी भरणाऱ्या आजोबांनो,

रोज सकाळी सात वाजता वडाखाली पिवळी व्हॅन थांबते तेव्हा मी डेअरीवर दूध घालून परत येत असते आणि चढणारी पोरं मोजते, सवयच लागलीय. मागच्या जूनला ९ होती. आता १४ आहेत. आणि आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट मागच्या ३० सप्टेंबरला २२ होता तो आज १७ आहे. ते पाच कुठं गेले ते तुम्हाला पण माहितीय, मला पण, दिवाळीनंतर एकेक करून वडाखाली आले. नावं घेत नाही, कुणाकडं बोट दाखवायला हे लिहीत नाहीये, कारण काही वर्षांपूर्वी त्याच वडाखाली माझी मुलगी पण टाय लावून उभी असायची आणि ते मीच केलं होतं, हट्ट करून, ह्यांचं न ऐकता, सासूबाईंशी दोन दिवस अबोला धरून.

म्हणून आधी माझंच सांगते.

तालुक्याच्या गावातली इंग्लिश मीडियमची शाळा. रंगीत भिंती, घसरगुंडी, गेटवर वॉचमन. एलकेजी, युकेजी आणि पहिली अशी तीन वर्षं मुलगी तिथं गेली. पहिलीच्या वर्षाचा हिशोब माझ्याकडं वहीत लिहिलेला आहे: फी २४ हजार, व्हॅनचे महिना ९०० म्हणजे दहा महिन्यांचे ९ हजार, पुस्तकं-गणवेश-बूट-टाय सगळं शाळेतूनच घ्यायचं त्याचे साडेपाच हजार. एकूण ३८ हजार ५००. गाईच्या दुधाला ३० रुपये धरले तर जवळपास १२८० लिटर दूध झालं. वैरण, पेंड, डॉक्टर ह्यातलं काही न धरता. पैशाचं मला तेव्हा वाईट वाटत नव्हतं, खरंच सांगते, पोरगी शिकतीय ना मग जाऊदे असंच वाटायचं.

वाईट वाटलं ते एका संध्याकाळी तिची वही बघून. पहिलीची मधली चाचणी झाली होती, वहीत इंग्रजीत प्रश्न, तू कुठं राहतेस. खाली सुंदर अक्षरात उत्तर, आय लिव्ह इन अ फ्लॅट. लाल शाईची बरोबरची खूण आणि वर एक स्टार. मी तिला विचारलं, बाळा फ्लॅट म्हणजे काय गं? तिला माहिती नव्हतं. बाईंनी फळ्यावर लिहिलं, सगळ्यांनी उतरवून घेतलं, वर्गातल्या सगळ्या पोरांचं तेच उत्तर. आम्ही कौलारू घरात राहतो, दारात गोठा आहे, मागं चिंच आहे, आणि माझ्या पोरीला तिच्या स्वतःच्या घराबद्दल एक वाक्य विचारलं तर तिनं कुणाच्या तरी भलत्याच घराचं उत्तर लिहिलं आणि त्याला स्टार मिळाला. त्या रात्री मला झोप नाही लागली. त्याच आठवड्यात एसटी स्टँडवर तिला बसवरची मराठी पाटी वाचायला सांगितली तर तीही येईना. ना धड इंग्रजी ना धड मराठी, आणि घरात अभ्यास घ्यायचा तर मी बीए झालेली असून मला भाच्याला फोटो पाठवून विचारावं लागायचं.

मी तिथल्या बाईंना दोष देत नाही. त्यांच्याशी एकदा गेटवर बोलले, वर्गात ४५ पोरं आणि पगार ६ हजार. त्या तरी काय करणार, फळ्यावर उत्तर लिहून देणंच हातात होतं त्यांच्या.

मग दुसरीला मी तिला वाडीच्या शाळेत आणलं. आणताना त्या शाळेनं शेवटच्या हप्त्यासाठी दाखला अडवून धरला, मी महिनाभर हेलपाटे मारले, रडले पण. नंतर गुरुजींनी सांगितलं की शिक्षण हक्काचा जो कायदा आहे २००९ चा, त्यात स्पष्ट आहे, दाखला मिळायला उशीर झाला म्हणून सरकारी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, पोराला वर्गात बसवायचंच. हे मी मुद्दाम लिहितेय कारण तुमच्यातल्या दोन घरांनी मला स्वतः सांगितलंय की परत आणायचंय पण दाखल्याचं कसं करायचं. त्याच्यावाचून अडत नाही. आधी पोराला घेऊन या, कागद मागनं येतील.

आता इकडचं सांगते, आणि इकडचं सगळं चांगलंच आहे असं अजिबात सांगणार नाही. चार वर्ग आणि दोन शिक्षक. त्यातले गुरुजी कधी मतदार यादीच्या कामाला, कधी ट्रेनिंगला, कधी केंद्रावर मीटिंगला, आणि वर्गात असले तरी निम्मा वेळ ऑनलाइन माहिती भरण्यात जातो, ती माहिती आजच्या आज पाहिजे असते. आम्हाला शिकवू द्या म्हणून शिक्षकांनी मोर्चे काढलेत ते उगीच नाही. मुलींच्या बाथरूमला वर्षभर पाणी नव्हतं, कुलूपच असायचं, माझी मुलगी घरी पळत यायची. पावसाळ्यात तिसरीच्या कोपऱ्यात गळतं. हे सगळं मला माहितीय, मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे, मला नाही कळणार तर कुणाला.

पण त्याच शाळेत दुसरीच्या दिवाळीनंतर तिनं वहीत काय लिहिलं ते सांगते. आमच्या गाईला रात्री वासरू झालं होतं, बाईंनी वर्गात सांगितलं काल घरी काय झालं ते ज्यानं त्यानं लिहा. तिनं चार ओळी लिहिल्या. रात्री वासरू झालं. आई जागी होती. आजीनं त्याला पोत्यानं पुसलं. ते तीन वेळा पडलं आणि मग उभं राहिलं. बाईंनी स्टार नव्हता दिला, खाली पेन्सिलनं लिहिलं होतं, तीन वेळा पडलं हे तू मोजलंस का? आणि पोरगी मला विचारत होती की आई बाईंना कसं कळलं मी मोजलं ते. मला एवढंच पाहिजे होतं. पोरीनं स्वतःचं बघावं, स्वतःच्या शब्दांत मांडावं आणि ते कुणीतरी नीट वाचावं.

तुम्ही म्हणाल इंग्रजीचं काय. मला ही भीती माहितीय, कारण माझी पण तीच होती. आपल्या पिढीला पाचवीला ए बी सी डी आली आणि कॉलेजात तोंड उघडायची लाज वाटली, ते पोरांच्या वाट्याला येऊ नये म्हणून आपण पोटाला चिमटा काढतो. ही भीती खोटी नाही. पण आता जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी पहिलीपासून आहे, २००० सालापासूनच. सेमी पाहिजे असेल, म्हणजे गणित इंग्रजीतून, तर त्याचा ठराव आपण समितीत मांडू शकतो, कितीतरी शाळांनी केलंय. शाळेच्या बोर्डावर इंग्लिश मीडियम लिहिलं म्हणून पोरगं इंग्रजी बोलायला लागत नाही, शिकवणाऱ्याला ती यावी लागते. आपल्या बाई डीएड करून टीईटी देऊन परत शिक्षक भरतीची परीक्षा देऊन मेरिटनं आल्यात. गावातल्या नर्सरीत शिकवणाऱ्या पोरी बिचाऱ्या बारावी झालेल्या असतात आणि त्यांना कुणी काही शिकवलेलं नसतं. आपण फी भरतो म्हणून तिकडं जास्त शिकलेला शिक्षक असेल असं आपण धरून चालतो. मी पण धरून चालले होते.

एक गोष्ट लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं मनात. लिहितेच. शाळेतल्या आजच्या १७ पोरांत ११ मुली आहेत. व्हॅनमधल्या १४ त मुली फक्त ४. आपल्या वाडीत तीन घरं अशी आहेत की जिथला मुलगा व्हॅननं जातो आणि त्याची सख्खी बहीण चालत वाडीच्या शाळेत येते. शाळा चांगली नाही म्हणून मुलाला काढलं असेल तर मग मुलीला का ठेवलं? आणि मुलीला चालतेय तर मुलाला का नाही? माझ्या बहिणींनो, ह्याचं उत्तर मला देऊ नका, रात्री पोरीच्या डोक्याला तेल लावताना स्वतःच्या मनाला द्या. ती बोलत नाही पण तिला समजतं. माझ्याकडं एक येते खेळायला, ती एकदा म्हणाली, काकी दादाची शाळा पैशाची आहे ना, माझी फुकटची आहे.

ही शाळा फुकटची नाहीये हो. आपल्या आजोबांना विचारा. मागची दगडी खोली श्रमदानातून बांधलीय, ओढ्यातनं दगड बैलगाडीनं आणलेत, आणि शाळेची जागा ज्या घरानं दिली त्या घरातली दोन पोरं आज वडाखाली उभी असतात. आपण साताऱ्याकडची माणसं, कर्मवीर भाऊरावांनी १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली ती घराघरातनं धान्य गोळा करून वाढली हे आपण भाषणात ऐकतो. तिकडं कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेवला, तेव्हाचा एक रुपया म्हणजे केवढा. एवढं करून जी शाळा गावात आली ती आपल्या डोळ्यांदेखत आपण रिकामी करतोय.

आरटीईच्या, म्हणजे त्याच शिक्षण हक्क कायद्यातल्या राखीव २५ टक्के जागांबद्दल पण बरेच जण विचारतात, खाजगी शाळेत फुकट प्रवेश मिळेल का म्हणून. ज्यांना मिळतो त्यांनी जरूर घ्यावा, तो हक्क आहे, २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारनं एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला त्यातनं सूट दिली होती आणि जुलैत मुंबई हायकोर्टानं ते रद्द केलं हे बरंच झालं. पण तो नंबर लॉटरीनं लागतो, जवळच्या शाळेला आधी, फक्त सुरुवातीच्या वर्गात, आणि आठवीपर्यंतच. नववीला पूर्ण फी. आपल्या वाडीपासून जवळ तशी शाळाच नाही, त्यामुळं त्याच्या आशेवर पोराचं वर्ष घालवू नका.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. पटाचं गणित.

मार्च २०२४ ला संचमान्यतेचा, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक ते ठरवणारा जीआर आला. त्यात २० पर्यंत पट असलेल्या शाळेला एकच नियमित शिक्षक धरलाय, दुसरा लागलाच तर निवृत्त शिक्षकांमधून. २१ झाले की दोन. आणि हा पट मोजतात ३० सप्टेंबरचा, आधार जुळलेल्या पोरांचा. म्हणजे त्या दिवशी आपण २० असलो तर आपल्या बाई अतिरिक्त ठरणार आणि दुसरीकडं जाणार, आणि गुरुजी एकटे चार वर्गांना. ते मतदार यादीला गेले की शाळेला कोण? कुलूप. मग तुम्हीच म्हणणार बघा तिथं शिकवायला कुणी नसतं, आणि आणखी चार पोरं काढणार. मग वीस पटाच्या आतल्या शाळा एकत्र करायच्या, समूह शाळा करायच्या हे जे मधनंमधनं निघतं त्यात आपलं नाव येणार. राज्यात अशा २० पेक्षा कमी पटाच्या शाळा २०२३ ला १५ हजारांच्या आसपास होत्या, आता आपली पण त्यांच्यात मोडते. पहिलीतलं सहा वर्षांचं लेकरू ओढा ओलांडून कुठल्या समूह शाळेत जाणार, पावसाळ्यात?

गणित मांडते. आजचा पट १७. चौथीची ५ पोरं पुढं पाचवीला जाणार, राहिले १२. अंगणवाडीतनं यंदा पहिलीला ७ पोरं बसतायत, ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण होणारी, त्यात माझा मुलगा एक. ह्या सातातल्या चौघांच्या आईबापांनी व्हॅनवाल्याशी बोलणं केलंय असं कळलंय. ती चार गेली तर पट १५. सातच्या सात आली तर १९. आणि दिवाळीनंतर गेलेल्या पाचांतली दोन जरी परत आली तर २१.

एकवीस. म्हणजे सगळा खेळ सहा पोरांचा आहे, चार नवीन आणि दोन परत येणारी. सहा घरं. ती घरं कुठली ते तुम्हाला माहितीय, आणि तुम्ही हे वाचताय.

आपल्याला वाटतं शाळा निवडणं हा आपापल्या घरातला विषय आहे, माझं पोरगं, माझे पैसे, मी कुठंही घालीन. शहरात असेल तसं, तिथं एक पोरगं गेल्यानं काही हलत नाही. वाडीत तसं नाहीये. मी माझ्या मुलीला पहिलीला इथं घातलं नाही तेव्हा पट २५ च्या जागी २४ राहिला होता, मला ते माहितीच नव्हतं, कुणी सांगितलंच नाही. कुणीतरी तेव्हा माझ्या दारात येऊन सांगायला पाहिजे होतं की बाई, तुझ्या एका पोरीमागं इथला शिक्षक जातोय, जी पोरं व्हॅनचे ९०० भरू शकत नाहीत, वस्तीवरची, मेंढरामागं जाणाऱ्या घरातली, त्यांचा शिक्षक. सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का हे आज मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. पण सांगायला पाहिजे होतं. म्हणून मी सांगतेय.

कुणी म्हणेल की आपल्याकडं काय वारे गुरुजी आहेत का. नाहीत. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यात जालिंदरनगरची जिल्हा परिषदेची शाळा बंद पडायच्या बेतात होती, वारे गुरुजी आणि गावानं मिळून ती अशी उभी केली की २०२५ ला जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या पसंतीचं बक्षीस तिला मिळालं. सोलापूरकडच्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० ला ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, ते पण जिल्हा परिषदेच्याच शाळेत शिकवायचे. असे गुरुजी सगळीकडं नसतात, ठीक आहे. पण जालिंदरनगरला नुसते गुरुजी नव्हते, गाव पण होतं, पोरं घेऊन आलेलं. आपले गुरुजी साधे आहेत, थोडे दमलेले आहेत, रिटायर व्हायला चार वर्षं राहिलीत. पण पाढे त्यांनी माझ्या मुलीकडनं अंगणात खडे मांडून करून घेतलेत, ती आता डेअरीची पावती बघून हिशोब चुकला की सांगते. ह्यांचे एकदा दीडशे रुपये कमी लावले होते तर तिनं पकडलं.

आणि शाळेत काही बदलायचं असेल तर ते आपल्याला करता येतं, तिकडं येत नाही. खाजगी शाळेत फी वाढली तर तक्रार करायची म्हटलं तरी कायद्यानं २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात, २०१८ च्या दुरुस्तीनं तसं केलंय, व्हॅनमधून पोरं सोडणाऱ्या पालकांनी एकमेकांना शोधायचं कुठं? इथं समितीत पाऊण सदस्य पालकच असतात आणि निम्म्या बायका, कायद्यानंच. बाथरूमच्या पाण्याचं आम्ही तीन मीटिंगा लावून धरलं, शाळेच्या अनुदानातनं टाकी बसवली, पाइप ग्रामपंचायतीनं दिला, आता कुलूप नाही. गणवेशाचं बघा, २०२४ ला सरकारनं एक राज्य एक गणवेश म्हणून सगळं वरनं शिवायला घेतलं, वेळेवर मिळेनात, मापात बसेनात, शेवटी तो निर्णय मागं घेऊन काम परत शाळा समित्यांकडं द्यावं लागलं. गळती राहिलीय, ती यंदा काढायची आहे, आणि त्यासाठी मला मीटिंगला माणसं पाहिजेत. मागच्या मीटिंगला आम्ही चौघीच होतो. ज्यांचं पोरगं व्हॅननं जातं ते मीटिंगला येत नाहीत, का येतील, आणि तीच माणसं बोलायला खमकी आहेत, साहेबाला फोन लावू शकतात. पोराबरोबर हा जोर पण शाळेतनं निघून जातो.

मी कुणाला शपथा घालत नाही. ज्यांचं पोरगं तिकडं रमलंय, नीट शिकतंय, आणि पैसे परवडतायत, त्यांनी राहू द्या, मी त्यांच्या दारात येणार नाही. मला बोलायचंय त्यांच्याशी जे कर्ज काढून हप्ता भरतायत, ज्यांचं पोरगं व्हॅनमध्ये उलट्या करतंय, ज्यांनी निव्वळ शेजारच्यांनी घातलं म्हणून घातलंय, आणि ज्यांचा यंदा पहिलीचा निर्णय अजून व्हायचा आहे.

येत्या शनिवारी सकाळी साडेसातला शाळेत या. शाळेला सुट्टी आहे पण गुरुजी आणि बाई दोघं येणार आहेत, मी विचारलंय. माझ्या मुलीच्या दोन्ही वह्या, तिकडची पहिलीची आणि इकडची दुसरीची, मी टेबलावर ठेवणार आहे, शेजारी शेजारी, ज्याला बघायच्या त्यानं बघा. बाईंना प्रश्न विचारा, सेमीचं विचारा, गळक्या कोपऱ्यावरनं भांडा. पहिलीसाठी जन्मदाखला आणि आधार घेऊन या, नसेल तरी या. तात्यांनी चहाचं दूध आपल्याकडनं देतो म्हणून सांगितलंय, त्यांची नात त्या सातांतली एक आहे आणि तात्यांचं अजून ठरलेलं नाही.

तुमचीच,
चौथीत जाणाऱ्या एका मुलीची आणि पहिलीत बसणाऱ्या एका मुलाची आई